एकाच गळ्यात अख्खी कॉमेंट्री बॉक्स

आजची गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे, पण सोलापूरकराला ती लगेच कळेल, कारण टेनिस बॉलच्या मॅचला खास माईकवाल्याला ऐकायला येणारी माणसं आपल्याकडं लई आहेत.

तिकडं बिली बर्मिंगहॅम नावाचा एक विनोदवीर, त्यानं 'द ट्वेल्थ मॅन' या नावानं १९८४ ला पहिली रेकॉर्ड काढली आणि १९८७ चा अल्बम तर थेट एक नंबरला गेला. त्यात काय, तर चॅनल नाईनवरचे क्रिकेट कॉमेंटेटर, आणि सगळ्यांचे आवाज हा एकटाच काढतो.

मेन पात्र रिची बेनो. ऑस्ट्रेलियाकडून ६३ टेस्टमध्ये २४८ विकेट घेतलेला लेगस्पिनर, नंतर कॉमेंटेटर झालेला, क्रीम कलरचा कोट, माईकवर अगदी मोजकं बोलणार. १९५६ ला मद्रासला त्यानं एका इनिंगमध्ये भारताचे ७ गडी काढले तेव्हा आपला कॅप्टन होता पॉली उम्रीगर, जन्म सोलापूरचा! तर या बेनोची ती बोलण्याआधीची छोटी गॅप, 'टू फॉर ट्वेंटी टू' म्हणताना 'ट' चा 'च' व्हायचा तो, हे सगळं बर्मिंगहॅमनं बरोब्बर पकडलं, आणि मग एवढा शांत माणूस रेकॉर्डवर सहकाऱ्यांवर भडकून शिव्या घालायला लागतो, तिथं हसून हसून पोट दुखतं. बाकीचे कॉमेंटेटरही आहेतच. टोनी ग्रेग पिचच्या भेगेत चावी खुपसून रिपोर्ट देणारा. बिल लॉरीला कबुतरांचा नाद, म्हणजे गच्चीवर ढाबळ असलेल्या आपल्या कुणालाही तो घरचाच वाटेल.

एक गोष्ट मात्र खटकते. भारत-पाकिस्तानच्या खेळाडूंची नावं वाकडी करून केलेले जोक त्यात भरपूर आहेत. ते नसते तरी चाललं असतं, कारण खरी मजा आवाजात आहे, आणि ती वर्षानुवर्षं कान देऊन ऐकल्याशिवाय येत नाही.

आपल्याकडं असा अल्बम निघायलाच पाहिजे. मराठीत सुरू होऊन मधेच कन्नडात, तेलुगूत शिरणारा, ओव्हर संपली की देणगीदाराचं नाव घेणारा, सिक्स गेला की शंभर रुपये बक्षीस जाहीर करणारा आणि त्याच दमात रस्त्यातली गाडी काढायला सांगणारा माणूस आपल्या मैदानांवर आहे की. तुमच्या भागात असा कोण असेल तर पुढच्या मॅचला त्याला विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा, पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच करू.