दगड तापवून तेल: ऑइल शेलच्या रिटॉर्टमध्ये काय घडतं

[दृश्य: पांडवलेण्यांचा डोंगर, मग सातपूरची एक वर्कशॉप शेड]

पांडवलेण्यांचा डोंगर काळ्या बेसॉल्टचा. लाव्हा थिजून झालेला हा दगड कितीही तापवा, त्यातून तेलाचा थेंब निघणार नाही. इथे टेबलावर ठेवलेला तपकिरी, पापुद्र्यांचा दगड वेगळ्या कुळातला. तळ्याच्या किंवा उथळ समुद्राच्या तळाशी शेवाळाचे अवशेष आणि बारीक गाळ थरावर थर बसत गेला, त्यातून ऑइल शेल तयार झाला. आपल्याकडे असे थर आसाम-अरुणाचलच्या कोळशाच्या पट्ट्यात सापडतात.

यात तयार तेल जवळजवळ नसतंच. विद्रावकात भिजत ठेवला तरी फारसं काही सुटत नाही. आत असतं केरोजन, एकमेकांत गुंतलेल्या अवाढव्य रेणूंचा घन पदार्थ. जमिनीखाली पुरेशी उष्णता लाखो वर्षं मिळाली असती, तर त्याचं तेल झालं असतं. ते काम इथे दीडेक तासात उरकायचं आहे.

[दृश्य: चाळणी, तराजू, रिटॉर्ट]

दगड किती तेल देईल हे पाहायची जुनी, ठरलेली चाचणी म्हणजे फिशर ॲसे. सुमारे अडीच मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला १०० ग्रॅम चुरा ॲल्युमिनियमच्या रिटॉर्टमध्ये, म्हणजे तापवायच्या बंद भांड्यात, भरायचा. मिनिटाला १२ अंश या वेगाने ५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा आणि तिथे ४० मिनिटं धरायचा. ॲल्युमिनियममुळे उष्णता सगळीकडे सारखी पोचते. पण ते ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे कंट्रोलर अडकला तर भांडंही गेलंच.

शंभर अंशांच्या आसपास ओल निघते. साडेतीनशेच्या पुढे केरोजनचे बंध तुटू लागतात. आधी डांबरासारखं बिटुमेन होतं, मग त्यातून तेलाची वाफ, वायू आणि दगडातच चिकटून राहणारा काळा कार्बनी अवशेष, म्हणजे कोक. नळीच्या तोंडाशी पिवळसर धूर दिसला की खरं काम सुरू झालं. वाफ थंड करून तेल करणाऱ्या कंडेन्सरला बर्फाचं पाणीच हवं. नाशिकच्या मे महिन्यात टाकीचं पाणी कोमट असतं, हलक्या तेलाची वाफ त्याने द्रवरूप न होता वायूबरोबर निघून जाते आणि हिशेब चुकतो. चांगल्या शेलमधून १० ग्रॅम तेल मिळतं, म्हणजे टनाला साधारण ११० लिटर.

बिघाड बहुतेक वेळा रिटॉर्ट आणि कंडेन्सर यांमधल्या नळीत होतो. ती थंड राहिली तर तेल तिथेच जमतं, ठिबकून गरम भागात परततं, त्याचा कोक होतो आणि नळी तुंबते. तुंबली की दाब वाढतो. म्हणून या नळीला हीटिंग टेप गुंडाळतात. झाकणाचं गॅस्केट गळलं तर हवा शिरते आणि तेल आतच जळतं. हायड्रोजन सल्फाइडही सुटतो, आणि तो थोड्याच वेळात नाक बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असं नाही. वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढायचा, शेड उघडी ठेवायची.

ताव वाढवून तेल वाढत नाही. वाफ गरम जागेत रेंगाळली की तिचेच रेणू पुन्हा तुटून वायू होतात. सातशे अंशांच्या वर गेलं की शेलमधले कार्बोनेट फुटतात, भट्टीची उष्णता गिळतात आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडतात.

[दृश्य: कारखान्याची रेखाकृती]

कारखान्यात हेच काम करायच्या दोन पद्धती एस्टोनियात चालतात. उभ्या किविटर रिटॉर्टला डबर लागतं, चुरा गेला तर वायूची वाट बंद होते. गॅलोटर पद्धतीत बारीक शेलमध्ये तापलेली राख मिसळतात. ती राख त्याच शेलचा उरलेला कोक जाळून मिळवलेली असते, म्हणून वेगळं इंधन फारसं लागत नाही. पण धूळ तेलात उतरते आणि ती वेगळी काढणं हीच तिथली मोठी डोकेदुखी.

हे तेल थेट इंजिनात चालत नाही. त्यात नायट्रोजन आणि गंधक असतं, ठेवलं की चिकट होतं. आधी हायड्रोजनची प्रक्रिया करावी लागते. आणि १०० ग्रॅम चुऱ्यातला ८५ ग्रॅमच्या आसपास ऐवज काळा होऊन रिटॉर्टमध्येच उरतो. अशा उरलेल्या दगडाच्या ढिगात कोक शिल्लक असेल तर ढीग आतून पेट घेऊ शकतो. पाऊस झिरपला तर खालून निघणारं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात फिनॉल हे विषारी रसायनही असू शकतं. म्हणून प्रकल्पाच्या खर्चात अस्तर घातलेला खड्डा पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.