"सायन्सला नंबर लागला नाही का?"

नमस्कार! मी आत्ता सोलापुरात चार हुतात्मा पुतळ्यांपाशी उभी आहे. मागून गाड्यांचा आवाज येईल, तेवढा चालवून घ्या. सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसचं नाव या चौघांवरून आहे. बारावी झालेली आपली कितीतरी पोरं त्याच गाडीनं पुणं गाठतात. आणि जी इथंच राहून बीएला प्रवेश घेतात, त्यांना पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सायन्सला नंबर लागला नाही का?"

मलाही विचारला होता. प्रवेशाच्या रांगेत, खिडकीतल्या काकांनी, माझ्या मार्कलिस्टवर नजर टाकून. 86 टक्के होते. "मग आर्ट्सला कशाला वाया जातेस, बाळ?" अगदी मायेनं म्हणाले ते. म्हणूनच जास्त लागलं.

आता एक आकडा सांगते. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी 34.2 टक्के कला शाखेत होते. विज्ञानात 14.8, वाणिज्यात 13.3 आणि इंजिनिअरिंगमध्ये 11.8. म्हणजे देशात पदवी घेणाऱ्या दर तिघांतला एक जण आर्ट्सचा. आणि तो वर्ग आपण उरलेल्यांचा वर्ग म्हणून चालवतो.

तिथं शिकतात तरी काय? याच पुतळ्यांवरून दाखवते.

मे 1930. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला. पोलीस मागे हटले, काही दिवस शहर लोकांच्याच हातात राहिलं. मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लागला. पुढं 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. ही चार नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. सोलापूरच्या चार वेगवेगळ्या गल्ल्या ऐकू येतात.

इंग्रज सरकारच्या लेखी ती दंगल होती. आपल्या घराघरांत ते स्वातंत्र्याचे दिवस म्हणून सांगितले जातात. दिवस तेच. मग इतिहासाचा विद्यार्थी विचारतो: हा कागद कुणी लिहिला? कुणाला दाखवायला? घटनेनंतर किती दिवसांनी? आणि यात कोण बोलतच नाहीये? त्या आठवड्यात गिरणी कामगाराच्या बायकोनं पीठ कुठून आणलं, हे कुठल्या फायलीत असणार? ते शोधायला दुसरीकडंच जावं लागतं. हेच चार प्रश्न तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी आलेल्या फॉरवर्डला लावून बघा. निम्मे तिथंच गळतात.

(कुडलचा फोटो)

हे हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुका, भीमा आणि सीनेचा संगम. इथल्या देवळाच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेखांमध्ये तो मोजला जातो. नुसतं बघितलं तर काही कळत नाही, खडबडीत दगड वाटतो. मोबाईलचा टॉर्च दगडाला लागून आडवा धरला, की खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. "वाछि तो विजेया होइवा." जो वाचील तो विजयी होईल. आपल्या सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. तोवर किती पिढ्या त्या तुळईखालून देवाला गेल्या असतील! ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. भाषेचं हे वय मोजून देणारी माणसं मात्र याच 'वाया गेलेल्या' विषयांतली.

आता दुखणं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात जा. अपेक्षित प्रश्नांचे संच गठ्ठ्यानं विकले जातात. मूळ पुस्तक एकदाही हातात न घेता बीए होता येतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शिकवणारे कित्येक जण सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊनही तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही. त्यांना मी दोष देणार नाही.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय आणि जोडविषय आले, दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायची सोय झाली. चांगलंच आहे, आयआयटीतल्या पोरांनाही आर्ट्सकडचे काही विषय घ्यावेच लागतात. पण शिकवायला कायमचा माणूसच नसेल, तर पोरगी तो विषय घेऊन बसणार कुणापुढं?

नोकरीचंही बोलूया. नुसत्या बीएवर लगेच नोकरी लागते, असं मी सांगणार नाही. पण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली एखादी मुलगी बघा. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. दवाखान्यात आजीचं दुखणं डॉक्टरला तीच समजावून सांगते. तिला अनुवादाचं रीतसर शिक्षण द्या. दवाखान्याला, कोर्टाला, सबटायटलवाल्यांना अशी माणसं लागतात. तिच्याकडं काही आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

एआय हे सगळं करेल, असं तुम्ही कमेंटमध्ये म्हणता. जे लिहून ठेवलंय त्याचा सारांश तो करेल. पण आपल्या जुन्या गिरणीत राबलेल्या माणसांचं निम्मं बोलणं कुठं लिहिलेलंच नाही. घरात गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, युनियनची पावती असेल तर रद्दीत घालू नका. फोटो काढा, कुणाचं आहे ते मागं पेन्सिलनं लिहा, आणि मला पाठवा.

पुढच्या भागात आमच्या शेजारच्या आजी आहेत. विड्या वळता वळता दीड तास तेलुगूत बोलल्या. मराठी सबटायटल मी करतेय, पण एका वाक्याशी अडलेय. तेवढा तुकडा आता लावते. ज्यांना कळेल त्यांनी खाली लिहा.