आधी स्कॅन, मग नळी

श्रोतेहो, नमस्कार.

खानदेशात माणूस पिवळा पडला की पहिली धाव कुठे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माळ देणारा पंचक्रोशीत कुणी ना कुणी असतोच. गळ्यात माळ, बिनतेलाचं जेवण, उसाचा रस. बहुतेक काविळी विषाणूच्या असतात, त्या आपल्या आपण उतरतात आणि श्रेय माळेला जातं. जाऊ द्या. मला काळजी आहे ती त्यात निघून जाणाऱ्या दिवसांची, आणि तीही एका विशिष्ट माणसाच्या बाबतीत.

हा माणूस पन्नाशी-साठीचा असतो. ताप नाही, पोटात फारसं दुखत नाही. डोळे मात्र दिवसेंदिवस पिवळे होत जातात. अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढरट, वजन उतरलेलं. कधी कधी मधुमेहही नुकताच निघालेला असतो. विचारलं तर म्हणतो, "बाकी काहीच तरास नही, डाक्टर." अशा वेळी पित्ताचा रस्ता कुठेतरी अडलेला असतो. अडवणारा खडा असेल तर नशीब. पण स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठही असू शकते, आणि ती बहुधा कॅन्सरची असते.

सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसते. पण स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीच्या मणक्यांजवळ. रिपोर्टात खाली एक ओळ असते, की आतड्यातल्या गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. घरचे "बाकी सर्व नॉर्मल" एवढंच वाचतात. ती ओळ वाचा आणि डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

आता माझा मुख्य मुद्दा. कावीळ बघून सगळे घाबरतात, आणि दुर्बिणीतून, म्हणजे ईआरसीपी करून, पित्तनलिकेत नळी टाकायची घाई होते. नळी टाकली की पिवळेपणा उतरतो, घरात आनंदीआनंद. स्कॅन राहतो मागे. आणि मग स्कॅन करायला जावं, तर चित्र गढूळ झालेलं असतं. दुर्बिणीच्या त्या प्रक्रियेनंतर काहींना स्वादुपिंडाला सूज येते. सूज कुठली आणि गाठ कुठली, हे निष्णात रेडिओलॉजिस्टलाही, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरलाही, सांगणं अवघड जातं. त्यात धातूची नळी असेल तर तिच्या आसपासचं चित्र आणखी बिघडतं. म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तर आधी स्कॅन, मग नळी.

आणि नळी प्रत्येकाला लागतेच असंही नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०२ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. कावीळ बेताची असताना ज्यांचं थेट ऑपरेशन झालं, त्यांच्यात गंभीर गुंतागुंत ३९ टक्के. आधी नळी टाकून मग ऑपरेशन झालेल्यांमध्ये ७४ टक्के. थंडी वाजून ताप येत असेल, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं कावीळ आणणारं पिवळं द्रव्य, फारच वाढलं असेल किंवा आधी केमो द्यायचं ठरलं असेल, तर नळी हवीच. तिथे हट्ट धरू नका.

स्कॅन म्हणजे नेमका कोणता? सुरुवात बहुतेक ठिकाणी सीटीने होते, आणि ते बरोबरच आहे. गाठ आतड्यांना रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीला चिकटली आहे का, हे सीटीत चांगलं कळतं. त्या धमनीला गाठीचा स्पर्शच नसेल तर सर्जनचं काम सोपं. घेराच्या निम्म्यापर्यंत चिकटली असेल तर प्रकरण काठावरचं, तिथे बहुधा आधी केमो देतात. निम्म्याहून जास्त वेढली असेल तर गाठ सध्या काढता येत नाही. निदान होतं तेव्हा पाचांतल्या एखाद्याच रुग्णाची गाठ काढण्याजोगी असते. कटू आहे, पण खरं आहे.

मग एमआरआय कशाला? एक तर काही गाठी सीटीत आजूबाजूच्या स्वादुपिंडासारख्याच दिसतात, डोळ्याला सापडतच नाहीत. एमआरआयमध्येच एमआरसीपी नावाची तपासणी होते, तिच्यात नलिकांचं चित्र उमटतं. केळीच्या बागेत ठिबकची नळी एका जागी दबली की मागचा भाग फुगतो ना, तशा पित्ताची आणि स्वादुपिंडाची, दोन्ही नलिका एकाच जागी तुटल्यासारख्या आणि मागे फुगलेल्या दिसतात. ते बघितलं की आम्हा स्कॅन वाचणाऱ्यांचा हात आपोआप तिथे थांबतो.

पण मला एमआरआय सगळ्यात मोलाचा वाटतो तो यकृतासाठी. हा कॅन्सर तिथे लवकर पसरतो, आणि सुरुवातीचे ठिपके दाण्याएवढे असतात. सीटीतून ते निसटतात. एमआरआय पेशींमधलं पाणी किती मोकळं हलतं ते टिपतो. दाट गाठीत पाण्याला हलायला जागा नसते, तिथे ठिपका चमकतो. यकृताच्या पेशी शोषून घेतील असं खास औषध शिरेतून देऊन वीस मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतली, तर निरोगी यकृत उजळतं आणि गाठ काळी राहते. असा एक ठिपका खात्रीने सापडला की मोठं ऑपरेशन सहसा रद्द होतं. घरच्यांना वाटतं, हातची संधी गेली. माझ्या मते पोट उघडून तसंच बंद करण्यापेक्षा, आणि त्यापायी केमो लांबण्यापेक्षा, हे कितीतरी बरं.

एमआरआयला सगळंच दिसतं असं मात्र नाही. पोटाच्या पोकळीच्या अस्तरावरचे कॅन्सरचे बारीक दाणे त्याच्याही नजरेतून सुटतात. म्हणून काही सर्जन आधी छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून पोटात डोकावतात. छातीचा सीटी तर वेगळा लागतोच.

तपासणीला उपाशीपोटी जायचं. मंगळसूत्र, जोडवी, करदोटा, खिशातली चुन्याची डबी, सगळं बाहेर काढून ठेवायचं. पेसमेकर असेल, जुन्या ऑपरेशनचा धातू अंगात असेल, किडनीचा त्रास असेल, तर आधीच सांगायचं. आत ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो, त्याला भिऊ नका. "श्वास घ्या, सोडा, थांबा" असं ऐकू आलं की पंधरा-वीस सेकंद खरोखर थांबायचं. श्वास हलला की यकृताची चित्रं धूसर, आणि मग तेच दाण्याएवढे ठिपके हुकतात. आजोबांकडून घरीच दोन दिवस सराव करून घ्या.

नाशिक, संभाजीनगर, मुंबई, जिथे कुठे ऑपरेशनला जाल, तिथे नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. स्कॅन सेंटरकडून सीडी मागून घ्या. सर्जनला चित्रं स्वतः बघायची असतात. स्कॅन महिन्याहून जुना झाला असेल तर ते नवा करायला सांगतील. त्यावर "पैसे काढायचा धंदा" म्हणून चिडू नका, ही गाठ महिनाभरात वाढू किंवा पसरू शकते. जुनी सीडीही सोबत असू द्या, दोन्ही शेजारी लावून बघता येतात.