दातावर दात ठेव बघू

मालवणचा दांडी किनारा. रापणीचं जाळं ओढून झालंय, पेडवे-बांगडे वाळूवर उधळलेत. टोपल्या भरणाऱ्या बायांच्या पायाशी हा साडेतीन वर्षांचा गडी बसलाय, अंगठा तोंडात. एवढ्या गलक्यातही तो बाहेर निघालेला नाही.

अंगणवाडीत आज डॉक्टर ताई आल्यात, दातांच्या. पोरं ओळीने 'आ' करतायत. 'आ' केल्यावर कीड दिसते. वरचे दात खालच्या दातांवर कसे बसतात, ते तोंड उघडं असताना कळत नाही. म्हणून त्या म्हणतात, "आता दातावर दात ठेव बघू." हे ऐकलं की पोरगं हमखास खालचा जबडा पुढे काढतं. मग युक्ती: "थुंकी गिळ." गिळताना दाढा आपसूक जागेवर येतात. तेवढ्यात ओठ बाजूला, टॉर्चचा उजेड आत.

हे बघा, त्या अंगठावाल्या गड्याचं तोंड. मागे दाढा मिटल्यात, पुढे फट. अंगठा नेमका मावेल एवढी. चोखताना अंगठा वरचे दात बाहेर रेटतो, खालचे आत दाबतो. जीभ खाली राहते, टाळूला आतून मिळणारा तिचा आधार जातो आणि गाल दोन्हीकडून दाबत राहतात. वरचा जबडा अरुंद होत जातो. मूल किती जोरात चोखतं यापेक्षा किती तास चोखतं, हे महत्त्वाचं. रात्रभर झोपेत तोंडात राहणारा अंगठा वाईट तो त्यासाठी. सतत तोंडात असणाऱ्या चोखणीचंही तेच.

या मुलीच्या दातांत फटी आहेत आणि घरचे त्यावरच हळहळतायत! अहो, त्या असायलाच हव्यात. सहाव्या-सातव्या वर्षी येणारे पुढचे दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद असतात, त्यांची सोय आहे ती. काळजी करायची ती फटी नसलेल्या, मोत्यांच्या माळेसारख्या दातांची.

दाराशी आजी म्हणते, "दुधाचेच दात ते, पडतले नि नवे येतले." पण दुधाची शेवटची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. ती किडून आधीच गेली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडते.

अंगठा चौथ्या वर्षाच्या आसपास सुटला, तर पुढची फट बऱ्याचदा आपोआप भरते. चावताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर मात्र वाट बघू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, दातही बघतं. आपल्या पोराची पाळी आली की त्यांना चावाही, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात तेही, बघायला सांगा.