मोटार का जळते? हिशेब वेबरचा

श्रोतेहो, नमस्कार.

मीडियम वेव्हवर, जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल तर एक करून बघा. संच जागच्या जागी हळूहळू फिरवा. एका दिशेला माझा आवाज बारीक होईल, तिथून पाव फेरी फिरवलात की पुन्हा मोठा. (मोबाइलवाल्यांनी फिरवू नये, काही होणार नाही.) संचाच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर बारीक तारेचे वेढे. केंद्राकडून येणाऱ्या लहरींचं चुंबकीय क्षेत्र त्या वेढ्यांतून जितकं जास्त आरपार जाईल, तितका आवाज चांगला. हे आरपार जाणं म्हणजे चुंबकीय फ्लक्स. तो वेबरमध्ये मोजतात.

टेस्ला आणि वेबर यांची बऱ्याच जणांची गल्लत होते. अंगणात घमेलं ठेवलंय असं समजा. पाऊस किती जोराचा, ते टेस्ला सांगतो. घमेल्यात किती आला, ते वेबर. घमेलं मोठं तर जास्त, कलतं केलं तर कमी. एक टेस्लाचं क्षेत्र एक चौरस मीटरातून सरळ आरपार गेलं, की झाला एक वेबर. पृथ्वीचं क्षेत्र आपल्या भागात साधारण 40 मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे तेवढ्याच जागेतून वेबरच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम 40 भाग जाणार. जुन्या पुस्तकांत मॅक्सवेल हे माप दिसतं. ते फारच बारीक, 10 कोटी मॅक्सवेल मिळून एक वेबर.

मात्र फ्लक्स नुसता असून वीज होत नाही, तो बदलावा लागतो. हे मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं 1831 साली दाखवलं, आणि वेबरची व्याख्याही त्यावरच बेतली आहे: एका वेढ्यातला फ्लक्स एका सेकंदात सारख्या गतीनं शून्यावर आणला आणि वेढ्यात एक व्होल्ट उपजला, तर तो फ्लक्स एक वेबर.

आता गावातल्या डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे चला. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होणारी; फ्लक्सही तितक्याच झपाट्यानं बदलतो. त्या हिशेबानं डीपीच्या लोखंडी गाभ्यात एक वेबर फ्लक्स खेळवला, तर तारेच्या एकेका वेढ्याला 222 व्होल्ट मिळतील! डीपीत एवढं कुठलं असायला? वेढ्याला पाच व्होल्ट धरले, तर गाभ्यात फक्त 0.0225 वेबर.

शेतातल्या पंपाच्या मोटारीचंही गणित तेच. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायला लाइट आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज बसतं. 415 चं 332 झालं, तर मोटारीतला फ्लक्सही 20 टक्क्यांनी घटतो. पाणी मात्र तेवढंच उपसायचं असतं. मग मोटार अंदाजे सव्वापट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेढे दीडपटीहून जास्त तापतात. करंट फार वाढला की मोटार बंद करणारा स्टार्टरचा ओव्हरलोड रिले बांधून ठेवलेला असला, की मग वास आल्यावरच कळतं.

जालना घ्या, परभणी घ्या, मोंढ्याच्या रस्त्याला मोटारी भरणारं दुकान असतंच. चांगला कारागीर जळकं वाइंडिंग छिन्नीनं कापतो, पण फेकत नाही. कापलेल्या जुडग्यातल्या तारा एकेक करून मोजतो, तारेचं गेज, म्हणजे जाडी बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. वेबर हा शब्द त्या दुकानात कुणी काढत नाही, पण ती वही वेबरचीच. तार वाचवायला दहा टक्के वेढे कमी घातले, तर तेवढ्याच व्होल्टेजला फ्लक्स 11 टक्क्यांनी चढतो. मोटारीतलं लोखंड आधीच फ्लक्सनं भरत आलेलं असतं; त्याला तो वाढीव फ्लक्स पेलत नाही, आणि मोटार रिकामी फिरतानाही करंट खाते, घुमते, तापते.

ज्याच्या नावानं हे माप आहे, तो विल्हेल्म वेबर जर्मनीतल्या ग्योटिंगेनचा प्राध्यापक. 1833 साली गणितज्ञ गाऊसबरोबर त्यानं गावावरून तार ओढून विजेचा टेलिग्राफ चालवला. 1837 मध्ये तिथल्या राजानं राज्यघटना रद्द केली. त्याच्या निषेधाच्या पत्रावर सात प्राध्यापकांनी सह्या केल्या, त्यांत हाही होता. सातहीजणांची नोकरी गेली. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगानं 1935 साली मापाला त्याचं नाव दिलं. मला स्वतःला त्याच्या टेलिग्राफपेक्षा ती सही मोठी वाटते.

असो. मोटार भरायला टाकाल तेव्हा भाव ठरवण्याआधी एवढं विचारा: जुने वेढे मोजले का? उत्तर द्यायला कारागीर वही उघडतो की नुसतीच मान हलवतो, ते बघा आणि मगच मोटार त्याच्याकडे ठेवा. नमस्कार.