कामियानोचे हात

हा कडा बघा. हवाई बेटांमधलं मोलोकाई, त्याची ही उत्तर बाजू. वरून खाली जायला २६ वळणांची एक पायवाट, बाकी तिन्ही बाजूंना समुद्र. खाली जिभेसारखी जी सपाट जमीन दिसते, ती कलाउपापा. हवाईच्या राज्यात ज्याला कुष्ठरोग व्हायचा, त्याला १८६६ पासून इथे आणून सोडायला सुरुवात झाली. तसा कायदाच होता. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको तोडायची आणि बोटीत चढवायची.

हा फोटो १८७३ चा. तेहतीस वर्षांचा तरुण, भरलेला चेहरा, सरळ नजर. नाव फादर डेमियन.

बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा, मूळ नाव जोसेफ. खरं तर हवाईला निघाला होता त्याचा मोठा भाऊ. सगळं ठरलं होतं, पण टायफसच्या रोग्यांची सेवा करता करता भावालाच तो ताप आला. धाकट्याने तडक वरिष्ठांना पत्र लिहिलं, भावाच्या जागी मला पाठवा. शिक्षण अजून अर्धवट होतं, तरी परवानगी मिळाली. जवळजवळ पाच महिने जहाजात काढून १९ मार्च १८६४ ला तो होनोलुलूला उतरला. दोन महिन्यांनी तिथल्याच कॅथेड्रलमध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

पुढची नऊ वर्षं गेली हवाईच्या मोठ्या बेटावर. काळ्या लाव्हाच्या खडकातून घोड्यावर फिरायचं, लोकांची भाषा शिकायची आणि जिथे चॅपेल नाही तिथे ते स्वतः उभारायचं. सुतारकामावर हात बसला तो तिथेच. लोकांच्या जिभेवर ‘डेमियन’ बसेना, म्हणून त्यांनी ‘कामियानो’ केलं.

१० मे १८७३ ला कामियानो इथे, कलाउपापाच्या याच जमिनीवरच्या कलावाओ वस्तीत आले. हे हालाचं झाड, आपल्या केवड्याच्या कुळातलं. सुरुवातीच्या रात्री त्यांनी अशाच एका झाडाखाली काढल्या. राहायला घर नव्हतं, आणि रुग्णांना होतं ते घर म्हणण्यासारखं नव्हतं.

सकाळी प्रार्थना, मग जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. सडलेल्या जखमांच्या वासाने जीव गुदमरायचा, म्हणून त्यांनी पाइप ओढायला सुरुवात केली. जेवायला पोई. अळूचे कंद शिजवून कुटलेला हा चिकट लगदा. एकच भांडं मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी बोटांनी खायचं. कामियानोंची बोटंही त्याच भांड्यात. उरलेला दिवस करवत आणि हातोडा. घरं बांधली, नळाने पाणी आणलं, शवपेट्या ठोकल्या, थडगी खणली.

आता जरा खाली बघा, या चर्चच्या जमिनीकडे. सेंट फिलोमिना. फळ्यांमध्ये ही चौकोनी भोकं दिसतात? आजारामुळे कितीतरी रुग्णांच्या तोंडात सारखी लाळ जमायची. प्रार्थना चालू असताना थुंकायचं कुठे? शरमेने माणसं आत यायला कचरायची. कामियानोंनी करवत घेतली आणि फळ्याच कापल्या. पानाची सुरळी करायची, भोकात धरायची, थुंकायचं आणि पुन्हा मान वर करून प्रार्थनेत सामील व्हायचं. आमच्या कॅमेऱ्याचा पाय इथून लवकर निघाला नाही. कुष्ठरुग्णांच्या सेवेबद्दल आपण खूप बोलतो. या भोकांच्या कडांवर हात फिरवून बघावा.

१८८४ ची अखेर. दमून आलेल्या कामियानोंनी गरम पाण्यात पाय बुडवले. कातडीवर फोड उठले, पण चटका जाणवलाच नाही. या रोगात नसा बधिर होतात, हे त्यांनी शेकडो माणसांत पाहिलं होतं. डाव्या पायात कळा तर आधीपासूनच येत होत्या. १८८५ मध्ये डॉ. आर्निंग यांनी तपासून निदान पक्कं केलं. रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच शोधला होता, म्हणजे कामियानो इथे आले त्याच वर्षी. औषध मात्र सापडलेलं नव्हतं. गोतो या जपानी डॉक्टरांची औषधी पाण्याची स्नानं करून झाली. १८८८ च्या डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड हा इंग्लिश चित्रकार गर्जन तेल घेऊन आला. तेच तेल, जे अंदमानात कुष्ठरुग्णांना लावून पाहिलं होतं. गुण आला नाही. चर्च वाढवायचं काम मात्र चालूच राहिलं.

हा १८८९ चा फोटो. पहिला फोटो शेजारी ठेवला आहे.

१५ एप्रिल १८८९ ला ते गेले. ४९ वर्षांचे होते.

त्याआधी तीन वर्षं जोसेफ डटन नावाचे अमेरिकन मदतनीस इथे येऊन राहिले होते. त्यांनी उरलेलं जवळजवळ सगळं आयुष्य इथेच काढलं. या दोघांच्या नावाचा डेमियन-डटन पुरस्कार १९८३ साली आपल्या वरोऱ्याला, आनंदवनात आला, बाबा आमट्यांकडे.

गुणकारी औषध कलाउपापाला १९४६ मध्ये पोहोचलं. सक्तीचा कायदा उठला १९६९ मध्ये. तोवर सुमारे ८,००० माणसं इथे आणली गेली होती.

चर्चच्या बाजूचं हे थडगं कामियानोंचं. १९३६ मध्ये त्यांचा देह बेल्जियमला नेला. इथल्या लोकांनी परत काहीतरी मागितलं, आणि १९९५ मध्ये उजवा हात परत आला. या दगडाखाली तोच आहे.