मिसळ, तांब्या आणि म्हातारपणीचा ठसका

नमस्कार श्रोतेहो. सत्तरी ओलांडलेल्या, एरवी ठणठणीत माणसाला जेवताना मधूनच ठसका का लागतो, ते आज बघू.

आपल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या पैलवानांची गोष्ट सांगतो. वय 78. खासबागच्या मैदानात कुस्त्या मारलेल्या, मान अजून खांबासारखी. रविवारची मिसळ चुकवायची नाही, हा नेम. पण अलीकडे तिसऱ्या-चौथ्या घासाला ठसका ठरलेला. घरचे म्हणायचे, "आण्णा, तिखट सोडा आता." आण्णा म्हणायचे, "तिखटाला काय धाड भरलीया? जल्मभर खातोय न्हवं!"

आण्णांचंच बरोबर होतं. गिळण्याच्या तक्रारी बघणाऱ्या स्पीच थेरपिस्टबाईंनी त्यांना समोर बसवून मिसळच खायला लावली. एका चमच्यात पातळ कट, कोरडं फरसाण आणि मटकी. फरसाण चावून होईपर्यंत कट जिभेवरून मागं घरंगळतो, आणि तिथं श्वासाची वाट अजून उघडीच असते. त्यात आण्णा तोंडात घास ठेवून शेजाऱ्याला फडाची हकिकत सांगणार. ठसका लागला की तांब्या उचलून, मान मागं टाकून, वरून पाण्याची धार. मान मागं गेली की श्वासनलिकेचं तोंड आणखी उघडं पडतं.

बाईंनी मिसळ बंद केली नाही. फरसाण कटात पाच मिनिटं मऊ होऊ द्यायचं, मटकी ठेचायची, उरलेला कट वेगळ्या वाटीत. अर्धा चमचा घास. गिळून झालं की आणखी एकदा कोरडा आवंढा, म्हणजे घशात रेंगाळलेलं खाली जातं. पाणी पेल्याला ओठ लावून, हनुवटी किंचित खाली, एकेक घोट. आता मिसळीबरोबर ब्रेडच, पाव मागणाऱ्यांशी आपलं जमायचं नाही. पण ब्रेडचा मऊ गाभा तोंडात चिकट गोळा होतो, म्हणून बारीक तुकडा कटात बुडवूनच खावा. आणि तिखटाचं म्हणाल, तर मिरचीतल्या कॅप्सेसिननं वयस्कांची गिळण्याची प्रतिक्रिया जरा लवकर जागी होते, असं काही अभ्यासांत दिसलंय. आण्णांना हे सांगायची सोय नाही!

कारण थोडक्यात. घास घशातून उतरायला सेकंदभर लागतो. तेवढ्यात श्वास थांबतो, कंठ वर उचलला जातो, झडप मिटते. वयानं जिभेचा जोर कमी होतो आणि कंठ उशिरा उचलला जातो. पुन्हा सांगतो, जोर कमी आणि हालचाल उशिरा. ॲलर्जीच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी तोंडही कोरडं पडतं. गोळी घेतानाही मान मागं टाकू नका. आधी एक घोट पाणी, मग गोळी. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रात्री कवळी काढून, घासून ठेवायची; तोंडातले जंतूच पुढं फुप्फुसात उतरतात.

मात्र जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येणं, वजन उतरणं, वारंवार कफ-ताप, हे वयावर ढकलू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

आणि जेवताना कुणाला बोलताही येईना, खोकताही येईना, तर पाणी पाजू नका. पुढं वाकवा, दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं पाच जोरदार थापा मारा. नाही सुटलं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके, पुन्हा पाच थापा, आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 फिरवायला लावा.